मुंबई उपनगरी रेल्वेचे डबे

मुंबई उपनगरी रेल्वेचे डबे म्हणजे मुंबई व तिच्या परिसरात पश्चिम, मध्य, हार्बर आणि ट्रान्स-हार्बर या मार्गांवर धावणाऱ्या विजेच्या गाड्यांचे डबे होत. या गाड्यांना बोलीत 'लोकल' म्हणतात. दररोज सुमारे पंचाहत्तर लाख प्रवासी त्यांतून ये-जा करतात. रुंद बांधणी, आडव्या बाकांच्या रांगा, उभे राहण्यासाठी राखलेली मोठी जागा आणि धावत्या गाडीतही उघडेच राहणारे दरवाजे ही या डब्यांची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. यांतील शेवटचे वैशिष्ट्य जवळजवळ शंभर वर्षे टिकून आहे. डब्याची हवा, गाडीचा वेग, प्रवाशांची संख्या आणि त्यांचे जीवित या चारही गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या असल्याने डब्याच्या रचनेत केलेला कोणताही बदल अखेर दरवाजापाशी येऊन थांबतो.

संज्ञा

एकत्र जोडून चालवल्या जाणाऱ्या डब्यांच्या संपूर्ण संचाला रेल्वेच्या परिभाषेत 'रेक' म्हणतात. लांब पल्ल्याच्या गाडीला पुढे स्वतंत्र इंजिन असते, लोकलला ते नसते. तिच्या काही डब्यांतच विजेवर चालणारी यंत्रसामग्री असते. अशा डब्याला 'मोटरकोच' आणि यंत्राविना ओढल्या जाणाऱ्या डब्याला 'ट्रेलर' म्हणतात. पारंपरिक रचनेत एक मोटरकोच व दोन ट्रेलर मिळून तीन डब्यांचा एक घटक होतो आणि असे चार घटक जोडले की बारा डब्यांची गाडी तयार होते. गाडीच्या दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्याचा खटाटोप करावा लागत नाही. चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला की गाडी परतीच्या प्रवासाला सिद्ध होते. दर तीन-चार मिनिटांनी गाडी सोडण्याच्या वेळापत्रकाला हा मोठाच आधार आहे.

लोकलच्या चालकाला 'मोटरमन' म्हणतात. भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी एप्रिल २००० मध्ये मध्य रेल्वेची महिला विशेष लोकल चालवली, तरी पदनाम 'मोटरमन' असेच राहिले. मागच्या केबिनमधील 'गार्ड' या पदाचे नाव मात्र २०२२ मध्ये 'ट्रेन मॅनेजर' असे करण्यात आले. प्रवाशांच्या तोंडी अजूनही गार्डच आहे.

'डबा' हा शब्द मराठीत जेवणाच्या डब्यासाठीही वापरतात. त्यामुळे मुंबईचे डबेवाले मालडब्यातून डबे नेतात हे वाक्य परप्रांतीयाला कोडे वाटले तरी मुंबईकराला त्यात काहीच वावगे वाटत नाही.

इतिहास

मुंबईत रेल्वे १८५३ पासून आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. विरार ते बॅक बे ही उपनगरी फेरी १२ एप्रिल १८६७ रोजी सुरू झाली. या गाड्या वाफेच्या इंजिनावर चालत. विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला या हार्बर मार्गावर चालवलेली चार डब्यांची ही गाडी भारतातील पहिली विद्युत रेल्वेगाडी होय. तिच्या उद्घाटनास मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन उपस्थित होते. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू केल्या.

आरंभीचे डबे परदेशातून आणले जात. स्वातंत्र्यानंतर ते देशात बनू लागले. कोलकात्याची जेसॉप कंपनी आणि चेन्नई येथील पेरांबूरचा रेल्वेचा सवारी डबा कारखाना ही त्यांची प्रमुख निर्मितिस्थाने होती. पेरांबूरच्या कारखान्यातून आजही मुंबईसाठी गाड्या येतात.

गर्दी वाढत गेली तशी गाडीची लांबी वाढवण्यात आली. नऊ डब्यांची गाडी दीर्घकाळ प्रमाण मानली जात होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बारा डब्यांच्या गाड्या आल्या. पंधरा डब्यांची गाडी पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये धावली. हार्बर मार्गावर बारा डब्यांची गाडी यायला २०१६ साल उजाडले, कारण तेथील फलाटच आखूड होते. डबे वाढवणे हे कारखान्यापेक्षा फलाटावर अधिक अवलंबून असते. फलाट लांबवायचा तर सिग्नल हलवावे लागतात, रूळ वळवावे लागतात आणि दाट वस्तीच्या शहरात त्यासाठी जागा मिळवावी लागते.

सुमारे नव्वद वर्षे या गाड्या १,५०० व्होल्टच्या एकदिश विद्युत प्रवाहावर चालल्या. २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर जाण्याचे काम पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये पूर्ण झाले आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गावर त्याची सांगता झाली. संक्रमणाच्या काळात दोन्ही प्रकारच्या विजेवर चालू शकणारे डबे वापरात होते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातून २००७ पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्यांची विद्युत यंत्रणा सीमेन्सची होती, तर २०१५ पासून आलेल्या पुढच्या मालिकेची बॉम्बार्डियरची. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेत परत पाठवण्याची सोय या गाड्यांत आहे. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीत अशी वीज बरीच वाचते.

रचना

हिंगोलीमार्गे अकोला-पूर्णा जाणाऱ्या गाडीचा साधा डबा आणि मुंबईच्या लोकलचा डबा शेजारी ठेवून पाहिले, तर दोहोंमागील विचार किती भिन्न आहे हे ध्यानात येते. दोन्ही डबे १,६७६ मिलिमीटर अंतराच्या त्याच रुंद रुळांवर चालतात. परंतु लांब पल्ल्याचा डबा सुमारे सव्वातीन मीटर रुंद असतो आणि लोकलचा ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट. लांब पल्ल्याच्या डब्याचे दरवाजे दोन टोकांना असतात आणि ते अरुंद असतात, कारण त्यात माणसे तासन्‌तास बसून जाणार व स्थानकावर चढ-उतार सावकाश होणार हे गृहीत धरलेले असते. लोकल स्थानकात वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्या वेळात शेकडो माणसे उतरून तितकीच चढायची असतात. म्हणून तिचे दरवाजे रुंद असून डब्याच्या लांबीत विभागलेले आहेत आणि प्रत्येक दरवाजाच्या आत बाकांशिवाय मोकळी जागा सोडलेली आहे. लोकलमध्ये शौचालय नसते.

दुसऱ्या वर्गात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बाके असतात. प्रत्येक बाक तिघांसाठी आखलेले आहे. प्रत्यक्षात त्यावर चौथा प्रवासी अर्धवट टेकून बसतो. ही 'चौथी सीट' कोणत्याही नकाशात नाही, तरीही ती मागण्याचा व देण्याचा शिष्टाचार पक्का आहे. 'जरा सरका' एवढे म्हटले की तिघे काही न बोलता सरकतात. बाकांवर सामानाच्या फळ्या, छताला पंखे आणि उभ्या प्रवाशांसाठी कड्यांच्या रांगा असतात. रुंद दरवाजाच्या मधोमध एक उभा खांब असतो. चढणाऱ्याच्या हाताला सर्वांत आधी तोच लागतो आणि दारात उभा राहणारा संपूर्ण प्रवासभर त्याच्याच आधाराने राहतो.

नऊ डब्यांच्या गाडीची मूळ क्षमता सुमारे १,७०० प्रवाशांची धरली जात असे. ऐन गर्दीच्या वेळी तीत साडेचार हजारांहून अधिक माणसे असत. या अवस्थेसाठी रेल्वेने एक वेगळी श्रेणीच निर्माण केली असून तीत दर चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी धरले जातात. एक चौरस मीटर म्हणजे एक पाऊल लांब व एक पाऊल रुंद अशी जागा. तिच्यावर चौदा माणसे उभी राहतात म्हणजे नेमके काय होते, हे आकड्यावरून उमगणे कठीण आहे. डब्याचा सांगाडा, स्प्रिंगा आणि ब्रेक यांची आखणी करताना हाच भार विचारात घ्यावा लागतो.

इतकी माणसे एकत्र आली की प्रश्न हवेचा येतो. जुन्या डब्यांत उघडे दरवाजे, खिडक्या आणि पंखे एवढीच वायुवीजनाची साधने होती. २००७ नंतरच्या गाड्यांत छतावरून यंत्राने ताजी हवा आत ढकलण्याची सोय करण्यात आली. तिच्यामुळे डब्याच्या मधल्या भागात उभ्या असलेल्या प्रवाशांची घुसमट कमी झाली. याच गाड्यांत पुढील स्थानकाचे नाव सांगणारी उद्घोषणा व अक्षरफलकही आले.

विद्युत यंत्रणा कोठे बसवावी हाही वादाचा विषय राहिला आहे. मोटरकोचमध्ये ती बसवली की प्रवाशांची जागा कमी होते. जमिनीखाली टांगली तर जागा सुटते, पण मुंबईच्या पावसाळ्यात रुळांवर पाणी चढते. पाणी रुळाच्या माथ्यावर काही इंच आले की गाड्या थांबवाव्या लागतात, कारण चाकांजवळच्या मोटारी तर सर्वच गाड्यांत खाली असतात. अलीकडच्या वातानुकूलित गाड्यांपैकी काहींत यंत्रणा डब्याखाली नेऊन आतील जागा वाढवण्यात आली आहे.

डब्यांचे प्रकार व वापर

लोकलमध्ये प्रथम व द्वितीय असे दोन वर्ग असतात. प्रथम वर्गाचे बाक गादीचे असते आणि भाडे अनेक पटींनी अधिक असते. गर्दीच्या वेळी बाकीचा फरक फारसा उरत नाही. महिलांसाठी दोन्ही वर्गांत राखीव डबे असतात. त्यांच्यावर डोक्यावरून पदर घेतलेल्या स्त्रीचे चित्र पुष्कळ वर्षे होते. पश्चिम रेल्वेने पुढे काही गाड्यांवर त्याऐवजी आधुनिक वेशातील स्त्रियांची चित्रे काढली. रात्रीच्या वेळी महिलांच्या डब्यात पोलीस असतो. संपूर्ण गाडीच महिलांसाठी ठेवण्याचा प्रयोग पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली मार्गावर केला आणि तो टिकला.

अपंगांच्या डब्यातून कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रियाही प्रवास करू शकतात. हा डबा फलाटावर जेथे येतो तेथे बारीक आवाज करणारे यंत्र बसवलेले असते. दृष्टिहीन प्रवासी त्या आवाजाच्या रोखाने जागा शोधतो. स्थानकावरील एवढ्या कोलाहलात तो आवाज ऐकू येतो हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

मालडबा हा लोकलचा सर्वांत दुर्लक्षित आणि शहराच्या पोटापाण्याशी सर्वांत निगडित भाग होय. त्यात बाके कडेने असतात आणि मधली जागा मोकळी असते. कोळणींच्या मासळीच्या पाट्या, भाजीचे भारे, फुलांच्या टोपल्या आणि डबेवाल्यांच्या लांबट लाकडी खोक्यांची ने-आण त्यातून होते. डबेवाल्यांची व्यवस्था १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली असे मानले जाते. ही व्यवस्था लोकलच्या वेळापत्रकावर इतकी अवलंबून आहे की मालडब्यावाचून ती चालणे अवघड आहे.

रोज ठरावीक गाडीच्या ठरावीक डब्यातून जाणाऱ्यांचे गट बनतात. कोठे टाळ-चिपळ्यांसह भजन चालते, कोठे पत्त्यांचा डाव पडतो. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते, हळदीकुंकू आणि डोहाळजेवणही होते. दसऱ्याच्या आधी प्रवासी आपल्या डब्याला झेंडूची तोरणे बांधून त्याची पूजा करतात. ज्या डब्यात चढताना रोज झटापट करावी लागते त्याच डब्याविषयी ही आपुलकी असते. मात्र या गटांची दुसरीही बाजू आहे. ते बाके अडवतात आणि नवख्याला दारातून आत येऊ देत नाहीत अशा तक्रारी नेहमी होतात.

दरवाजाचा प्रश्न

लोकलच्या दरवाजाला सरकते दार असते, पण ते ओढून लावायचे असते आणि गर्दीत ते कोणी लावत नाही. उघडे दार गर्दीचा भार बाहेरच्या बाजूला सामावून घेते. डब्यात जागा संपली की माणसे फूटबोर्डवर पाय टेकवून लोंबकळतात. काही जण पूर्वी टपावरही चढत. २५,००० व्होल्टच्या तारा आल्यानंतर टपावर उभे राहणे अधिकच प्राणघातक झाले, कारण तारेला स्पर्श न होताही वीज अंगावर येऊ शकते.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. त्यांतील सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा आहे आणि त्याखालोखाल धावत्या गाडीतून पडणाऱ्यांचा. फलाट आणि डब्याची जमीन यांच्या उंचीतील फरक हेही अपघातांचे एक कारण होते. फलाटालगतच्या पोकळीत पडून प्रवासी जायबंदी झाल्यानंतर हा प्रश्न २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि अनेक स्थानकांवर फलाटांची उंची ९०० मिलिमीटरच्या वर नेण्यात आली.

दरवाजे आपोआप बंद करणे हा उपाय सोपा वाटतो. त्याला तीन अडचणी आहेत. दार बंद झाले की साध्या डब्यात हवा येण्याचा मुख्य मार्ग बंद होतो. दार मिटायला व उघडायला लागणारे काही सेकंद प्रत्येक स्थानकावर जमा होत जातात आणि त्यामुळे दोन गाड्यांमधील अंतर वाढते. तिसरी अडचण सर्वांत अवघड आहे. आज जे प्रवासी बाहेर लोंबकळतात त्यांना बंद दाराच्या गाडीत जागाच उरत नाही. त्यांना पुढची गाडी पाहावी लागते आणि पुढची गाडीही भरलेलीच असते.

बंद दरवाजांची पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे धावली. ही बारा डब्यांची गाडी मुळात मध्य रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये आणली होती. परंतु तिची उंची अधिक असल्याने त्या मार्गावरील जुन्या, ठेंगण्या पुलांखालून ती जाऊ शकली नाही आणि तिला पश्चिम रेल्वेवर पाठवावे लागले. तिच्यात बसण्याच्या सुमारे एक हजार जागा असून उभ्या प्रवाशांसह एकूण क्षमता सुमारे सहा हजारांची आहे. सहा-सहा डबे आतून जोडलेले असल्याने एका डब्यातून दुसऱ्यात जाता येते. मध्य रेल्वेवर अशी गाडी जानेवारी २०२० मध्ये ट्रान्स-हार्बर मार्गावर सुरू झाली.

आरंभी तिचे भाडे प्रथम वर्गापेक्षाही जास्त होते आणि डबे रिकामे जात. मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटाचे दर निम्मे केल्यावर प्रवासी वाढले. परंतु वातानुकूलित फेरी सुरू करण्यासाठी साधी फेरी काढून घेतली जाते तेव्हा स्वस्त पास असलेल्यांची नेहमीची गाडी जाते. याच कारणाने ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी आंदोलने केली आणि मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. आंदोलकांचा विरोध थंड हवेला नव्हता. ज्या डब्यातून आपण जातो तो काढून दुसऱ्यासाठी डबा आणला जातो, ही त्यांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती.

९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान वळणावर परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या, तेव्हा दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर मुंबईसाठी बनणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना स्वयंचलित दरवाजे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. वातानुकूलन नसलेल्या गाडीतही ते बसवता यावेत म्हणून तीन बदल सुचवण्यात आले. दारांना हवा येईल अशा झडपा असाव्यात, छतावरून ताजी हवा आत घ्यावी आणि डबे आतून जोडलेले असावेत, म्हणजे एका डब्यातील गर्दी शेजारच्या डब्यात पसरू शकेल. पहिल्या दोन बदलांनी हवेची अडचण कमी होते, तिसऱ्याने गर्दीची विभागणी होते. फेऱ्यांची संख्या वाढवणे हा मात्र डब्याच्या रचनेबाहेरचा प्रश्न आहे, कारण त्यासाठी रूळ व सिग्नल यंत्रणा बदलावी लागते.

मेट्रोच्या डब्यांशी तुलना

मुंबईत मेट्रोची पहिली मार्गिका ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर अशी सुरू झाली. संपूर्ण मार्ग उन्नत आहे आणि गाडी चार डब्यांची आहे. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही तिसरी मार्गिका मात्र जवळजवळ पूर्णपणे भुयारी आहे. सुमारे ३३.५ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. तिच्या २७ स्थानकांपैकी केवळ आरे हे जमिनीवर आहे. तिच्यावरील आठ डब्यांच्या गाड्या आल्स्टॉम कंपनीने आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे बनवल्या आहेत.

मेट्रोचे रूळ १,४३५ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे लोकलपेक्षा अरुंद आहेत आणि डबेही अरुंद आहेत. तिच्यात बाके खिडक्यांना पाठ लावून कडेने असतात आणि बहुतेक जागा उभ्या प्रवाशांसाठी मोकळी असते. सारे डबे आतून एकमेकांना जोडलेले आहेत. डब्याची जमीन आणि फलाट एका पातळीत असतात. भुयारी स्थानकांत फलाटाच्या काठावर काचेची भिंत असते आणि गाडी थांबल्यावर भिंतीतील व डब्याची दारे एकाच वेळी उघडतात. दार पूर्ण मिटल्याखेरीज गाडी सुटत नाही. लोकलसाठी जे आज सुचवले जात आहे ते बहुतेक सारे मेट्रोत पहिल्या दिवसापासून आहे, कारण मेट्रोचे फलाट, रूळ, सिग्नल आणि डबे एकाच वेळी एकमेकांसाठी आखले गेले.

मेट्रो लोकलची जागा घेत नाही. दोन्ही जाळी अंधेरी, घाटकोपर, दादर अशा ठिकाणी एकमेकांजवळ येतात. घाटकोपरला मेट्रोच्या बंद दाराच्या डब्यातून उतरलेला प्रवासी जिना उतरून मध्य रेल्वेच्या फलाटावर येतो आणि डोंबिवली-कल्याणकडे जाणाऱ्या लोकलच्या दारातला खांब पकडतो.